‘मका’ म्हटलं की फोन कट: आवाजी यंत्रणेत परतपरत उगवणाऱ्या एका बिघाडाचं निवारण

शेतमालाचे भाव फोनवर सांगणारी एक मराठी आवाजी यंत्रणा आम्ही काही जण सांभाळतो. शेतकरी फोन लावतो, आपल्या भाषेत विचारतो, यंत्र ऐकून त्या दिवसाचा भाव सांगतं. ज्यांनी नंबर नोंदवलाय त्यांना सकाळी यंत्रणाच फोन करते. गेल्या दीड वर्षात एकच तक्रार आमच्याकडे चार वेळा आली, दर वेळी वेगळ्या वेषात. पहिल्यांदा ती अशी होती:

माणूस बोलला: मका काय भाव चाललाय?
यंत्राने लिहून घेतलं: नका काय भाव चाललाय
यंत्राला कळलं: ‘मला फोन करू नका’
यंत्राने केलं: ‘ठीक आहे, धन्यवाद’ म्हणून फोन बंद, आणि त्या नंबरचा सकाळचा फोनही बंद.

त्या काकांनी लागोपाठ तीनदा फोन लावला. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ते सावकाश, अक्षर सुटं करून सांगतायत, ‘अहो, मका. म, का. मका.’ पुन्हा तेच उत्तर. माणूस स्वतःच्या भाषेत, स्वच्छ बोलत होता आणि तीनदा त्याच्या तोंडावर दार लागलं. आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे ऐकवते.

तेव्हा आम्ही जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. एक ओळ जोडली: वाक्यात ‘नका’ आणि ‘भाव’ एकत्र आले तर ‘नका’चा ‘मका’ कर. तक्रार थांबली. काही महिन्यांनी ऐकणाऱ्या मॉडेलची नवी आवृत्ती आली आणि ‘मका’चं ‘मग का’ व्हायला लागलं. पुन्हा एक ओळ. मग ‘तूर’चं ‘दूर’, मग ‘हरभरा’चं ‘घरभर’. ठिगळांची यादी वाढत गेली आणि बिघाड तिच्या शेजारून वाट काढत राहिला. तुमच्याकडे अशी यादी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

बिघाड परत का येतो

अशा यंत्रणेत दोन भाग एकामागे एक जोडलेले असतात. पहिला आवाजाचं लिखाण करतो, त्याला एएसआर म्हणू. दुसरा त्या लिखाणाचा अर्थ लावतो, तो एनएलयू. त्याला दोन गोष्टी काढायच्या असतात: माणसाला काय हवंय, म्हणजे इंटेंट, आणि त्यातले तपशील, म्हणजे माल, बाजारपेठ, वजन असे स्लॉट.

मेख अशी की दुसऱ्या भागाचं शिक्षण झालेलं असतं टाइप केलेल्या शुद्ध वाक्यांवर. ‘आज मक्याचा भाव काय आहे?’ अशी वाक्यं ऑफिसात बसून कोणीतरी लिहिलेली असतात. एएसआर चुकतं कसं, हे त्या बिचाऱ्या एनएलयूने जन्मात पाहिलेलं नसतं. ‘नका’ हा शब्द त्याला भेटला तो फक्त ‘फोन करू नका’ या वाक्यांत. मग ‘नका’ दिसताच त्याने तोच अर्थ लावला, तर चूक त्याची म्हणता येत नाही.

ही सवय जुनी आणि जगभरची आहे. इंग्रजीत या विषयाचा सगळ्यात गाजलेला संच म्हणजे एटिस. अमेरिकेत डार्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशातून १९९०च्या आसपास विमानप्रवासाच्या चौकशीचे आवाज गोळा करून तो तयार झाला. पण पुढे एनएलयूची मॉडेलं त्यावर जोखली गेली ती बहुतांशी माणसांनी ऐकून शुद्ध लिहिलेल्या वाक्यांवर. तिथले आकडे फार देखणे दिसतात. फोनवर, शेताच्या बांधावरून, वारा वाहत असताना आलेल्या आवाजाबद्दल ते आकडे काहीच सांगत नाहीत.

दुसरं म्हणजे एएसआरच्या चुका वाटेल तशा पडत नाहीत. त्यांना दोन वळणं असतात. एक आवाजाचं: म आणि न दोन्ही अनुनासिक, आणि त्यांच्यातला फरक बराचसा शेजारच्या स्वराकडे आवाज वळतो त्या क्षणभरात असतो. साधा फोन ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या बाहेरचा आवाज जवळपास कापून टाकतो, त्यामुळे अशा बारीक खुणा आणखी पुसट होतात. ‘स’सारख्या घर्षणाच्या वर्णांची बरीच ताकद तर या पट्ट्याच्या वरच असते. दुसरं वळण भाषेचं: आवाज संदिग्ध असला की मॉडेल जास्त ओळखीच्या शब्दाकडे झुकतं. सर्वसाधारण मराठीत ‘नका’ पावलोपावली येतं, ‘मका’ क्वचित. म्हणून ‘पावणेदोनशे’चं ‘पाहुणे दोनशे’ होतं आणि ‘एकोणसाठ’चं ‘एकूण साठ’. चुकीचा शब्दही अस्सल मराठी असतो, वाक्यात चपखल बसतो, म्हणून नजरेतून निसटतो.

मॉडेलची आवृत्ती बदलली की ही वळणं बदलतात. जुन्या चुकांसाठी लावलेली ठिगळं नव्या चुकांना लागू पडत नाहीत. बिघाड परत येण्याचं कारण एवढंच.

आधी कान, मग कोड

तक्रार आली की हात लगेच मॉडेलकडे जातो. तो आवरा. फसलेले शंभर कॉल काढा, हेडफोन लावा, आणि तीन रकाने भरा: माणूस काय बोलला, एएसआरने काय लिहिलं, यंत्राला काय कळलं. अख्खा दिवस जातो. पण त्या दिवसाने आमचे काही महिने वाचवले. ऐकण्यासाठी वापरायचे कॉल संमती घेतलेलेच असावेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कारण तर आहेच, पण तो माणूस घरचं बोलता बोलता आपल्याला भाव विचारत असतो, तेवढी अदब राखायलाच हवी.

आता प्रत्येक फसलेल्या कॉलसाठी पहिल्या रकान्यातलं वाक्य हाताने थेट एनएलयूला द्या. उत्तर बरोबर आलं तर दोष ऐकण्यातून उतरला. तरीही चुकलं तर एएसआरला बोल लावू नका. आमच्याकडे ‘मका कसा गेला आज?’ हे वाक्य अचूक लिहूनही यंत्राला कळत नव्हतं, कारण ऑफिसात वाक्यं लिहिणाऱ्या आमच्यापैकी कोणी बाजार समितीत माल नेलेला नव्हता. हा दुखणं वेगळं असल्याचा पुरावा. त्याला औषधही वेगळं, म्हणजे लोक जसं बोलतात तशी वाक्यं शिकवणं.

दोष ऐकण्याकडचा निघाला, तर मॉडेलच्याही आधी तीन किरकोळ जागा तपासा.

पहिली, कापलेली सुरुवात. पूर्ण कॉलचं रेकॉर्डिंग ऐकून हे कळणार नाही; एएसआरच्या हाती जो तुकडा पडला तोच ऐका. बोलणं कधी सुरू झालं हे ओळखणारा भाग उशिरा जागा होत असेल तर ‘मका’मधला ‘म’ तिथेच गळतो. तुकड्याच्या आधीचा पाव सेकंद आवाज सोबत ठेवला की यातला बराच भाग मिटतो. यंत्राचं वाक्य संपायच्या आत लोक बोलायला लागतात, तेव्हाही असंच होतं.

दुसरी, आवाजाचा दर. साध्या फोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा असतो, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा मोजून साठवलेला; बरीच मॉडेलं १६,००० वर शिकलेली असतात. मधलं रूपांतर नीट झालं नाही तर मॉडेल भलत्याच वेगाचा आवाज ऐकतं. ही चूक सापडली की हायसं वाटतं, कारण एका ओळीत सुटते.

तिसरी जागा खास आपल्या लिपीची. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. एएसआर एक प्रकार लिहितं, आपल्या यादीत दुसरा असतो, आणि ‘हरभऱ्याचा भाव’ डोळ्यांदेखत जुळत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची नेहमीची एनएफसी प्रक्रियाही हे दोन प्रकार एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. एनएलयूच्या दारात पहिली पायरी हीच ठेवा.

टक्केवारीवर विसंबू नका

एएसआर किती चुकतं हे मोजायचं सर्वमान्य माप म्हणजे वर्ड एरर रेट: बदललेले, गळलेले आणि घुसलेले शब्द मोजायचे आणि त्यांना मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. मराठीत हे माप फार फसवतं. दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

‘मका काय भाव आहे आज’ याचं ‘नका काय भाव आहे आज’ झालं. पाचात एक शब्द चुकला, २० टक्के. माणसाचं काम मात्र शून्य झालं.

‘लासलगावला आज कांद्याला काय भाव आहे’ याचं ‘लासलगाव ला आज कांद्याला काय भाव हाये’ झालं. ‘लासलगावला’ बदललं, ‘ला’ घुसला, ‘आहे’ बदललं: सहा शब्दांत तीन चुका, ५० टक्के. आणि अर्थाला धक्काही लागलेला नाही.

आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून एक जागा इकडची तिकडे झाली की हे माप उड्या मारतं. त्यामुळे मी तीन आकडे मागते: माणसाने लिहिलेल्या वाक्यावर किती कॉलमध्ये अर्थ पूर्ण बरोबर लागला, एएसआरच्या पहिल्या पर्यायावर (ते एका आवाजाचे अनेक अंदाज बांधतं, त्यातल्या सगळ्यात वरच्यावर) किती, आणि एएसआरचे पहिले पाच पर्याय दिल्यावर किती. पहिल्या दोहोंतली दरी हीच आपली समस्या. ती कमी होतेय का, एवढंच बघायचं. एएसआर सुधारायला पैसा आणि आवाज दोन्ही लागतात. दरी त्याच्याशिवायही बरीच भरता येते.

एकाच पर्यायावर पैज लावू नका

एएसआर आतमध्ये कधीच एकच वाक्य धरून नसतं. त्याच्याकडे पर्याय असतात, प्रत्येकाला वजन असतं, आणि आपण मात्र पहिला उचलून बाकीचे फेकून देतो. त्या काकांच्या कॉलसारखा नमुना घेऊ. वजनं समजण्यापुरती गोळाबेरीज मांडली आहेत:

नका भाव काय: ०.४६
मका भाव काय: ०.४१
मका भाव का: ०.१३

पहिला पर्याय ‘नका’च आहे. पण प्रत्येक पर्याय एनएलयूला देऊन अर्थागणिक वजनांची बेरीज केली, तर ‘फोन करू नका’ला ०.४६ आणि ‘मक्याचा भाव’ला ०.५४ मिळतात. बरोबर उत्तर यादीत होतंच, आपणच ते मागितलं नव्हतं. ही पद्धत एका दुपारी बसवता येते, आणि माझ्या मते सगळ्यात आधी हीच बसवावी.

याहून नेटका मार्ग म्हणजे पर्यायांची वाक्यं न ठेवता शब्दागणिक पर्यायांची माळ ठेवणं: पहिल्या जागी ‘नका’ किंवा ‘मका’, दुसऱ्या जागी ‘भाव’, तिसऱ्या जागी ‘काय’ किंवा ‘का’. याला कन्फ्यूजन नेटवर्क म्हणतात. २००० साली लिडिया मांगू, एरिक ब्रिल आणि आंद्रेयास स्टोल्के यांनी ते मांडलं. तुमचं एएसआर अशी माळ देत असेल तर एनएलयूला तीच खायला घाला. देत नसेल तर पाच वाक्यं मध्ये खूण घालून एकापुढे एक जोडा आणि त्या जोडलेल्या मजकुरावर मॉडेलला शिकवा. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं. ‘मका’ आणि ‘नका’ आलटून पालटून दिसले की इथे ऐकण्यात गोंधळ आहे, हे मॉडेल स्वतःच शिकतं.

यातच संदर्भही मिसळा. यंत्राने नुकतंच ‘कोणत्या मालाचा भाव हवा?’ विचारलं असेल तर पुढच्या वाक्यात मालाचं नाव येण्याचीच शक्यता मोठी. एएसआरला त्या वेळेपुरती मालांची यादी देऊन त्या शब्दांचं वजन वाढवता येतं. बेताने वाढवा. आम्ही एकदा जास्त वाढवलं, तर खरोखर ‘फोन करू नका’ म्हणणाऱ्या एका ताईंना यंत्र मक्याचा भाव सांगत बसलं. तोही त्रासच.

एनएलयूला खऱ्या चुका दाखवा

मुख्य औषध हे. शिक्षणातलं प्रत्येक शुद्ध वाक्य घ्यायचं, यंत्राच्या आवाजात ते बोलून घ्यायचं, त्यावर फोनचा पट्टा आणि थोडा गोंगाट चढवायचा, मग ते आपल्याच एएसआरला ऐकवायचं. जे काही वेडंवाकडं लिहून येईल त्याला मूळ वाक्याचाच अर्थ जोडायचा. शुद्ध आणि बिघडलेली, दोन्ही वाक्यं एकत्र शिकवायची. मराठीत बोलणारी आणि मराठी ऐकणारी मॉडेलं आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारतने खुली करून ठेवली आहेत, त्यामुळे छोट्या चमूलाही हे परवडतं.

अक्षरं वाटेल तशी गाळून, वाटेल तशी बदलून चुका बनवण्याचा सोपा मार्ग टाळा. ‘मका’चं ‘मझा’ कुठलंही एएसआर करत नाही. मॉडेलला खोट्या रोगाची लस टोचून उपयोग नाही.

मात्र यंत्राचा आवाज फार शहाणा असतो. तो ‘डाळिंब’ला ‘डाळिंब’च म्हणतो. वऱ्हाडातला माणूस ‘ळ’च्या जागी ‘य’ बोलतो, कुठे ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, कुठे ‘वीस’चं ‘ईस’, ‘वेळ’चं ‘येळ’. ही त्यांची भाषा आहे, चूक नाही. तिला चुकीच्या खात्यात टाकणाऱ्या माणसाशी मी वाद घालते. यासाठी खरे कॉलच लागतात. रोज दहा कॉल जरी नीट ऐकून अर्थ जोडून ठेवले, तरी सहा महिन्यांत बनावट आवाजांच्या ढिगापेक्षा मोलाचा साठा होतो.

अंमलात आणताना एक अडचण हमखास येते. एनएलयूला स्लॉट शिकवताना आपण शब्दागणिक खुणा करतो: ‘लासलगावला’ या शब्दावर ‘बाजारपेठ’. एएसआरने ‘लास गावाला’ लिहिलं की एका शब्दाचे दोन झाले, खुणा सरकल्या. त्या हाताने सरकवत बसण्यात आम्ही बरेच दिवस घालवले. शेवटी खुणा सोडल्या आणि मॉडेलला थेट किंमत विचारायला लागलो: वाक्यात काहीही लिहिलेलं असो, यादीतली कोणती बाजारपेठ आहे ते सांग. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड अशी यादी बंदिस्त असते. बंदिस्त यादी हे आपलं मोठं बळ आहे.

तीच यादी उच्चारावरून जुळवणीलाही कामी येते. इंग्रजीतल्या साउंडेक्सची नक्कल करू नका. ती १९१८ साली पेटंट झालेली, इंग्रजी आडनावांसाठी बेतलेली युक्ती आहे. देवनागरी मुळातच उच्चाराच्या जवळ आहे. दोन शब्दांतलं अंतर मोजताना ण-न, ल-ळ, श-ष-स, ऱ्हस्व-दीर्घ यांना अगदी कमी दंड, ळ-य, म-न, महाप्राण-अल्पप्राण यांना थोडा जास्त, बाकीच्यांना पूर्ण. हे दंड अंदाजाने बसवण्यापेक्षा तुमच्या तीन रकान्यांतून काढा: प्रत्यक्षात कोणता वर्ण कशात बदलला ते मोजा. आणि जुळवणीआधी प्रत्यय आणि सामान्यरूप उतरवायला विसरू नका. ‘मक्याचा’ आणि ‘मका’, ‘तुरीला’ आणि ‘तूर’, ‘हरभऱ्याचं’ आणि ‘हरभरा’ ही जोडी जमली नाही, तर उत्तम दंड असूनही हाती काही लागणार नाही.

‘लातूर तूर भाव’ हा आमचा जुना वैरी. दोन ‘तूर’ लागोपाठ आले की एएसआर एक गिळतं आणि ‘लातूर भाव’ लिहितं. गेलेला शब्द कुठल्याही जुळवणीने परत येत नाही. अशा वेळी यंत्राने जेवढं कळलं तेवढं धरून ठेवावं आणि उरलेलंच विचारावं: ‘लातूरला कोणत्या मालाचा भाव सांगू?’ पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलायला लावणं म्हणजे त्या माणसाचा वेळ फुकट घालवणं.

आकड्यांना वेगळा न्याय

वर सांगितलेलं सगळं आकड्यांना लावू नका. ‘सात क्विंटल’चं ‘साठ क्विंटल’ झालं आणि त्याला ७ हा अर्थ जोडून तुम्ही मॉडेलला शिकवलंत, तर उद्या खरोखर साठ क्विंटलवाला आला की त्यालाही ते ७ म्हणेल. ‘नका भाव काय’ला दुसरा शहाणा अर्थ नसतो, म्हणून तिथे चूक दाखवून शिकवता येतं. ‘साठ क्विंटल’ला असतो.

मराठी आकडे ऐकणाऱ्या यंत्राची कसोटीच बघतात. बासष्ट आणि पासष्ट यांत ब-पचा फरक. एकोणतीस, एकोणचाळीस ते थेट एकोणनव्वद, सुरुवात एकाच साच्यातली, आणि ‘एकोण’ गळलं की आकडा एकने चढतो. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे यांचं गणित तर शब्दातच भरलेलं. एएसआर कधी ‘१७५’ लिहितं, कधी ‘पावणे दोनशे’, म्हणून एनएलयूला दोन्ही रूपं ओळखीची हवीत. आणि ‘पाहुणे दोनशे’सारख्या चुका सुधारायला हरकत नाही, कारण तिथे पाहुण्यांना जागाच नाही.

उरलेल्या आकड्यांसाठी विचारून खात्री करा. पण तोच शब्द पुन्हा उच्चारून नव्हे. ‘साठ क्विंटल ना?’ असं यंत्राने विचारलं तर पलीकडच्यालाही गोंगाटात ‘सात’च ऐकू येतं आणि तो ‘हो’ म्हणतो. आकडा फोडून सांगा: ‘सहा दशक, म्हणजे साठ. बरोबर?’ एकोणसाठसाठी ‘पन्नास आणि नऊ’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानामं आली तेव्हा त्यावरून केवढा वाद झाला होता. शाळेचं काय ते तज्ज्ञ ठरवतील, फोनवर खात्री करताना मात्र ही फोड फार उपयोगी पडते. आणि आकडा पैशाशी जोडलेला असेल तर सरळ कीपॅडवर दाबायला सांगा. यात यंत्रणेचा काही कमीपणा नाही.

कधी विचारायचं, कधी पुढे जायचं

प्रत्येक वाक्याला ‘तुम्ही अमुक म्हणालात का?’ विचारणारं यंत्र दोन दिवसांत लोक टाकून देतात. म्हणून चूक झाली तर काय बिघडेल यावर ठरवा. भाव सांगायचा असेल तर न विचारता, पण ऐकलेलं उत्तरात गुंफून सांगा: ‘लासलगावला मक्याचा आजचा भाव…’ चुकलं असेल तर माणूस मध्येच अडवेल, आणि त्याला अडवता आलं पाहिजे. नंबर यादीतून काढणं, व्यवहार नोंदवणं, फोन ठेवणं, या परत न फिरणाऱ्या गोष्टींना स्पष्ट होकाराशिवाय हात लावू नका. एएसआर आपल्या लिखाणाची किती खात्री आहे ते सांगतं, तो विश्वासाचा आकडा ०.९ असला तरीही; तो आकडा खरोखर दहांत नऊ वेळा खरा ठरतो का, हे तुमच्या कॉलवर मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही. हा एक नियम आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असता, तर त्या काकांचा सकाळचा फोन बंद झाला नसता. ऐकण्यातली चूक तेव्हाही झालीच असती, नुकसान झालं नसतं.

चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषा-मॉडेलकडून एएसआरचं वाक्य दुरुस्त करून घेण्याची आता चलती आहे. आम्हीही करतो, पण बांधून: पाच पर्याय आणि मालांची यादी द्यायची, त्यातूनच निवडायला सांगायचं, आणि काहीच जुळत नसेल तर ‘कळलं नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवायची. मोकळं सोडलं तर ते इतकं सफाईदार मराठी लिहून देतं की चूक शोधणंच अवघड होतं. २०२२ साली आलेल्या, ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेल्या ‘व्हिस्पर’ या ओपनएआयच्या एएसआर मॉडेलचाही असाच एक दोष सर्वांना ठाऊक आहे: नुसती शांतता किंवा गोंगाट दिला की ते कधीकधी कोणी न बोललेलं वाक्य लिहितं. फोनवर माणूस पिशवी शोधत क्षणभर थांबतो, तेव्हा हे घडतं. बोलणं आहे का हे आधी तपासा, मगच आवाज पुढे पाठवा.

मधलं लिखाणच काढून टाकून आवाजातून थेट अर्थ लावणारी मॉडेलंही आहेत. इंग्रजीत २०२० सालच्या स्लर्पसारखे संच त्यासाठी तयार झाले. अर्थ जोडलेले मराठी आवाज तेवढे हाताशी असतील तर जरूर करून बघा, आमच्याकडे नव्हते.

आवृत्ती बदलण्याआधी

फसलेल्या आणि साधलेल्या खऱ्या कॉलचा एक संच बाजूला काढा आणि शिक्षणात तो कधीही मिसळू नका. त्यात वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा, कोकण, देश सगळीकडचे आवाज असू द्या, साधे फोन असू द्या, बायकांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे आवाज मुद्दाम मोजून घ्या, कारण सरासरी त्यांना झाकून टाकते. प्रत्येक कॉलसोबत एएसआरची आवृत्ती नोंदवा. बाहेरून एएसआर घेत असाल तर ती न सांगता बदलू शकते, म्हणून हा संच दर आठवड्याला आपोआप चालू द्या.

अलीकडे नवी आवृत्ती आली तेव्हा शब्दांच्या चुका एकंदरीत कमी झाल्या होत्या, सगळे खुश होते. आमच्या संचावर मात्र ‘तूर’ आणि ‘लातूर’चे कॉल आधीपेक्षा जास्त पडले. आम्ही ती आवृत्ती थांबवली, तिच्याच चुका गोळा करून एनएलयूला पुन्हा शिकवलं, आणि मग आत घेतली. या वेळी एकही ठिगळ लावावं लागलं नाही.

त्या काकांचं तिसरं रेकॉर्डिंग, त्यांना विचारूनच, संचात पहिल्या क्रमांकावर ठेवलं आहे. त्या कॉलवर एएसआरने ‘नका’ लिहिलं तर चालतं. यंत्राने फोन ठेवला, तर तो बदल पुढे जात नाही.